एक्स-रे नॉर्मल, "मुका मार आहे" म्हणाले, मग बाबांना धाप का लागतेय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. वडील ७१ वर्षांचे, गावी असतात. पाच दिवसांपूर्वी गोठ्यात म्हशीने ढुशी दिली आणि ते उजव्या कुशीवर गव्हाणीच्या कठड्यावर आपटले. तालुक्याला एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे म्हणून छातीला पट्टा बांधला आणि गोळ्या दिल्या. आधीपासून दम्याचा पंप चालू, तरुणपणी बिड्या भरपूर, १९९४ ला टीबीचा कोर्स झालेला, आणि स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी. परवापासून खुर्चीत बसूनच झोपतात, खोकला आला की दाबून धरतात, संध्याकाळी कणकण असते आणि बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९१ येतंय. तुमचे प्रश्न तीन: पुण्याला आणून सीटी करू का, हाडाच्या डॉक्टरला दाखवू की छातीच्या, आणि पट्टा किती दिवस ठेवायचा.

आधी घाईचं सांगते. आजच्या आज त्यांना जवळच्या अशा दवाखान्यात न्या जिथे एक्स-रे, सोनोग्राफी, ऑक्सिजन आणि एमडी फिजिशियन आहे. रविवारी मी येतो मग बघू, हे नको. ताप, बसून झोपणं आणि रक्त पातळ करायची गोळी या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी फोनवर सल्ला देत बसत नाही, पेशंट समोर मागते. एकदम धाप वाढली, ओठ निळसर दिसले, वाक्य पूर्ण बोलता येईना किंवा माणूस गुंगीत जायला लागला तर १०८ ला फोन करा, गाडीची जुळवाजुळव करत बसू नका. भाऊ गावात आहे म्हणताय ना, त्याला फोन करून मग पुढचं वाचा.

आता माझ्याबद्दल एवढंच की मी छातीची डॉक्टर, वीसेक वर्षं झाली. सुरुवातीची काही वर्षं डोंगराळ भागात सरकारी नोकरीत काढली, तिथे एक्स-रे मशीन होतं पण टेक्निशियन आठवड्यातून दोन दिवस यायचा, नंतर मोठ्या शहरात आयसीयूत काम केलं आणि आता तालुक्याच्या गावात स्वतःचा दवाखाना आहे. तोच आजार तीन ठिकाणी तीन वेगळ्या पद्धतीने बघावा लागतो हे शिकायला मला बराच वेळ लागला.

तुमचा खरा प्रश्न सीटीचा नाहीच. हाड मोडलंय की नाही यावर सगळं घर अडकून बसलंय, आणि तिकडे बाबांचा श्वास दिवसेंदिवस उथळ होत चाललाय. साध्या छातीच्या एक्स-रेत बरगडीचं मोडलेलं हाड सहज निसटतं, जवळपास निम्मी फ्रॅक्चर त्यात दिसत नाहीत असं आम्हाला शिकवतात आणि अनुभवही तसाच आहे. बरगडी गोल वळलेली, एकीवर एक सावल्या पडलेल्या, फट केसाएवढी. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ "त्या दिवशी, त्या कोनातून काही दिसलं नाही" इतकाच घ्यायचा. बोटाने बरगडीवरून चाचपत गेलं आणि एका नेमक्या जागी पेशंट ओरडला, आणि दूर छातीच्या हाडावर हळूच दाबलं तरी दुखणं त्याच जागी उठलं, तर माझ्यासाठी ती बरगडी मोडलेली आहे, फिल्म काही का म्हणेना. गंमत म्हणजे मोडलेली असली नसली तरी एकट्यादुकट्या बरगडीचा उपचार बदलत नाही. बरगडीला प्लास्टर नसतं.

मग बदलतं काय, तर मागचं फुप्फुस. पंचवीस वर्षांच्या पोराला क्रिकेटचा चेंडू लागून बरगडी मोडली तर मी गोळ्या देऊन घरी पाठवते, तो महिनाभर कुरकुरतो आणि बरा होतो. तेच बाबांच्या वयात आणि बिडीने कमकुवत झालेल्या फुप्फुसात होतं तेव्हा गोष्ट अशी घडते: दुखतं म्हणून मोठा श्वास घेत नाहीत, मोठा श्वास नाही म्हणून फुप्फुसाचा खालचा भाग उघडत नाही, खोकत नाहीत म्हणून बेडका आत साठतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तिथे न्यूमोनिया धरतो. अमेरिकेत सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातला २००० सालचा एक अभ्यास आम्ही ज्युनियर डॉक्टरांना अजून सांगतो, ६५ च्या पुढच्या पेशंटमध्ये प्रत्येक जादा मोडलेल्या बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १९ टक्क्यांनी वाढत गेलेला. एक बरगडी नि चार बरगड्या यात केवढा फरक पडतो ते यावरून बघा.

हे मी पुस्तकातून शिकले असं म्हणायला आवडलं असतं, पण तसं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक आजी आल्या होत्या, पासष्टी उलटलेली, आयुष्य चुलीपुढे गेलेलं, विडी-तंबाखू काही नाही पण छाती सतत वाजायची. अंगणात शेवाळावरून घसरल्या. एक्स-रे स्वच्छ. मी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, रुंद चिकटपट्टी घेऊन छाती घट्ट आवळली, वर कफ सिरप दिलं कारण खोकल्याने दुखतंय म्हणत होत्या. पट्टी आणि सिरप दोन्ही चुकीचं, आणि मला वाटत होतं किती काळजीने केलं. सहाव्या दिवशी मुलाने पाठीवर घेऊन आणल्या. ताप नव्हता, पण आजी नातवाला धाकट्या दिराच्या नावाने हाक मारत होत्या. म्हाताऱ्या माणसात न्यूमोनिया असाच येतो बऱ्याचदा, थर्मामीटर गप्प असतो आणि माणूस बरळायला लागतो. अकरा दिवस ॲडमिट राहिल्या, वाचल्या. पण तेव्हापासून छातीचा पट्टा बघितला की मला त्या आजी दिसतात.

तर पट्ट्याचं उत्तर तिथेच आलं, आजच सोडा. पट्ट्याने बरं वाटतं हे खरं आहे, कारण छाती हलतच नाही, आणि ती हलायला हवी हीच तर सगळी भानगड आहे. पूर्वी सगळे बांधायचे, अजूनही बांधतात, मेडिकलमध्ये तयार मिळतो. हाडवैद्याकडचा लेप लावायचा असेल तर माझी काही तक्रार नाही, आंबेहळदीने कोणाचं वाईट झालेलं बघितलं नाही, पण चोळणं-मोडणं आणि वरून आवळून बांधणं नको, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना चोळणं तर अजिबातच नको.

आता ९१ चं बघू. हा आकडा चांगला की वाईट हे मला इथून सांगता येणार नाही कारण ते बाबांच्या नेहमीच्या आकड्यावर आहे. म्हशीने मारायच्या आधी तब्येत बरी असताना किती असायचं, ९२ की ९७? कोविडमध्ये घरोघरी ती मशीनं आली, जुनी चिठ्ठी किंवा फोनमधला फोटो असेल तर शोधा. ९२ वाला ९१ वर आला तर मी इतकी हबकत नाही, ९७ वाला आला तर हबकते. बोट गार असेल, मेंदी असेल तर मशीन काहीही दाखवतं, म्हणून हात चोळून ऊब आणा, मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्या आणि मग बघा. त्याहून भरवशाची गोष्ट फुकट आहे: त्यांच्या नकळत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. १२ ते २० ठीक, २४-२५ च्या वर असेल तर मला आवडत नाही, ३० म्हणजे ॲडमिट.

आणि ऑक्सिजन लावलाच तर जास्त म्हणजे चांगला असं समजू नका. बिडीने फुप्फुस गेलेल्या पेशंटमध्ये आम्ही ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतो, मुद्दाम. मशीनवर ९९ दिसलं की नातेवाईक खूश होतात, पण अशा काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, सकाळी डोकं जड, मग गुंगी, हात थरथरायला लागतात. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटवर झालेला अभ्यास २०१० ला आला, त्यात असा मोजून-मापून ऑक्सिजन दिलेल्यांमध्ये मृत्यू बरेच कमी होते. म्हणून शेजाऱ्यांकडून सिलिंडर आणून नळी फुल्ल सोडणं हा प्रकार करू नका. आणि रात्री झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी, अजिबात नाही.

दवाखान्यात गेल्यावर काय व्हायला पाहिजे ते सांगते, म्हणजे भावाला विचारता येईल. छातीचा एक्स-रे परत काढायचा, शक्यतो उभं करून, कारण आडवं झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये पाणी किंवा रक्त पाठीमागे पसरतं आणि दिसतच नाही. पाच दिवसांपूर्वीची फिल्म नॉर्मल होती म्हणून आजची नॉर्मल असेल असं नाही, बरगडीच्या टोकाने हळूहळू रक्त झिरपून आठ-दहा दिवसांनी छातीत भरलेलं मी बघितलंय, आणि ते पेशंट बहुतेक रक्त पातळ करायच्या गोळ्यांवरचेच होते. फुप्फुसाबाहेर हवा शिरली आहे का तेही त्यातच कळतं, बिडीवाल्यांच्या फुप्फुसात हवेचे फुगे असतात ते फुटायला निमित्त पुरतं. मग सोनोग्राफी, छातीची आणि पोटाची दोन्ही, कारण उजव्या कुशीच्या खालच्या बरगड्यांमागे यकृत असतं आणि गव्हाणीचा कठडा काही फक्त हाड बघून लागत नाही. ईसीजी काढा, स्टेंटवाला माणूस छातीत दुखतंय म्हणतोय तर प्रत्येक दुखणं म्हशीच्या नावावर टाकता येत नाही. हिमोग्लोबिन, किडनीची तपासणी. बस, हे सगळं तालुक्याला होतं.

स्टेंटची गोळी मात्र मनाने बंद करू नका, ती अचानक थांबवली तर स्टेंट बंद पडू शकतो आणि मग बरगडी राहिली बाजूला. पण डॉक्टरसमोर गेल्यावर पहिल्या वाक्यात तिचं नाव सांगा. अनेक लोक हे शेवटी, दारातून बाहेर पडताना सांगतात.

सीटी केव्हा, तर एक्स-रेत पाणी किंवा रक्त दिसलं, ऑक्सिजन कमी आहे पण कारण सापडत नाही, सोनोग्राफीत यकृताची शंका आली, किंवा दोन दिवसांत सुधारणा नाही. तेव्हा मी स्वतः पाठवते आणि वेळ घालवत नाही. पण फक्त "हाड मोडलंय का ते कळावं" म्हणून धाप लागलेल्या माणसाला पाच तास गाडीत बसवून पुण्याला आणणं, ते करू नका. आधी जवळ स्थिर करा मग हलवा. डॉक्टर कुठला तर आधी फिजिशियन किंवा छातीचा. सलग तीन-चार बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडून छातीचा तुकडा उलटा हलत असेल, म्हणजे श्वास घेताना आत आणि सोडताना बाहेर, तर थेट मोठं हॉस्पिटल आणि सर्जन. ॲडमिट करायची वेळ आली तर सरकारी आरोग्य योजनेत बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला तिथल्या तिथे विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. घरात जुनी पेटी असेल तर १९९४ चा किंवा नंतरचा कुठलाही एक्स-रे शोधून बरोबर न्या. टीबी बरा झाला तरी वरच्या भागात व्रण राहतात आणि ते फिल्मवर आयुष्यभर दिसतात. नवीन डॉक्टर, ताप, खोकला, फिल्मवर डाग, की झाली टीबीची औषधं परत सुरू! दरवर्षी माझ्याकडे असे दोघे-तिघे येतात. जुना डाग तसाच असेल तर ती जुनी जखम. शंका असेलच तर बेडका तपासायचा, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. जुन्या टीबीवाल्याला परत टीबी होऊ शकतो हेही तितकंच खरं, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर तपासा, पण बेडका बघून, फोटो बघून नाही.

समजा सगळं तपासलं आणि सुदैवाने किरकोळ निघालं, घरी सोडलं. मग खरी मेहनत सुरू होते. दुखायला लागल्यावर गोळी असं नाही, घड्याळ लावून पॅरासिटामॉल, डोस तिथल्या डॉक्टरने वजन आणि लिव्हर बघून ठरवायचा. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या या वयात, स्टेंटच्या गोळीबरोबर, मी टाळते, पोटात रक्तस्राव आणि किडनी दोन्हीची भीती, आणि काही दमेकऱ्यांना त्याने दमच उठतो. त्याहून जोरदार वेदनाशामक लागलं तर देते पण मग बद्धकोष्ठ होतं, आणि बरगडी मोडलेल्या माणसाला कुंथावं लागणं म्हणजे काय ते विचारू नका, जुलाबाचं सौम्य औषध बरोबरच लिहिते. याउपर दुखत असेल तर आता भूलतज्ज्ञ पाठीत एक इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधिर करतात, सोनोग्राफीवर बघून. मोठ्या गावांत मिळतं, जरूर विचारा.

तीन चेंडूंचं मशीन मिळतं ना, ते आणा. पण त्यात फुंकायचं नसतं! निम्मे पेशंट फुंकतात. आत ओढायचं, सावकाश, एक चेंडू वर आला तरी पुरे, तिन्ही उडवायची शर्यत नाही. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा. आणि खोकताना उशी दुखऱ्या कुशीवर घट्ट धरून खोकायचं, बेडका बाहेर काढायचा. खोकला दाबायचं सिरप बंद. पंप चालू ठेवायचा, स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी लावून. पंपाची सवय लागते म्हणून बरं वाटल्यावर बंद करणारे, आणि मशीनमध्ये घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे, दोन्ही माझ्या ओपीडीत दर महिन्याला असतात. बाबा कसा घेतात ते एकदा समोर घ्यायला लावून बघा, नुसतं "घेतो की" यावर जाऊ नका.

मी स्वतः रोज तीनच गोष्टी विचारते: दुखणं किती, श्वास केवढा खोल जातो, आणि खोकला जोरात येतो की नुसता खाकरा. तिन्ही सुधारत असतील तर फिल्मवर चार बरगड्या मोडलेल्या दिसल्या तरी मी निवांत असते. खोकला कमजोर होत चालला तर फिल्म स्वच्छ असूनही ॲडमिट करते.

आणि हो, हे सगळं परिस्थितीवर आहे. गेल्या हंगामात एक ऊसतोड मजूर आले होते, ट्रॉलीवरून पडलेले, दोन बरगड्या, वय पंचेचाळीस, ऑक्सिजन उत्तम. शहरात असते तर घरी पाठवलं असतं. पण ते राहतात कोपीत, मुकादम दोन दिवसांत दुसऱ्या फडावर नेणार, परत तपासायला येणं शक्य नाही, घरी गेलो तर उद्या मोळी उचलावी लागेल हेही त्यांनीच सांगितलं. तीन दिवस ठेवून घेतलं. पुस्तकाप्रमाणे गरज नव्हती. उलट दगडखाणीवरचा कोणी आला, तरुण असला तरी मी त्याची फुप्फुसं म्हाताऱ्याची धरून चालते, सिलिकाची धूळ वय बघत नाही. लहान मुलांचं तर आणखी वेगळं, त्यांच्या बरगड्या लवचिक, हाड शाबूत राहून आतलं फुप्फुस चेचलेलं असू शकतं, आणि लहान मुलाची बरगडी मोडलेली निघाली तर मार मोठा होता असं समजायचं किंवा कोणीतरी मारलं का हे विचारायचं, अवघड असलं तरी. तुमच्याकडे म्हशीने मारलं हे सगळ्यांनी पाहिलंय, पण एखादा म्हातारा "असाच पडलो" म्हणाला तर का पडला हे शोधल्याशिवाय मी सोडत नाही, बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळीने उठताना चक्कर, साखर उतरलेली, हृदयाचे ठोके चुकलेले, काहीही असतं.

हाड जुळायला सहा आठवडे, दुखणं कधी कधी तीन महिने रेंगाळतं, त्याने घाबरू नका. घाबरायचं ते दुखणं कमी होत असताना ताप किंवा धाप वाढली तर. सगळं निवळलं की दीड-दोन महिन्यांनी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, करून घ्या, आत्ता नको, आत्ता ते फुंकूच शकणार नाहीत. तुम्ही दमा म्हणताय पण एवढ्या बिड्यांनंतर तो बहुधा सीओपीडी, म्हणजे धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असणार, औषधं थोडी वेगळी पडतात.

आज दाखवलंत की रिपोर्ट इथे टाका, नाव झाकून, आणि मिनिटाला श्वास किती मोजले तेही लिहा. आणि धार काढायला सहा आठवडे दुसरं कोणीतरी बघा, बाबा ऐकणार नाहीत हे माहीत आहे, म्हणून आधीच भावाला सांगून ठेवा.